गंगाकांठचें घर आणि त्यांतील एक कागद

नांदेडास गोदावरीला गोदावरी असें फक्त शाळेच्या भूगोलांत म्हणतात. घरांत, घाटावर, बाजारांत ती गंगा. "गंगेवर जाऊन येतों" म्हटलें म्हणजे मनुष्य काशीस निघाला असें कोणी समजत नाहीं. तो खांद्यावर पंचा टाकून अर्ध्या तासांत परत येणार हें सर्वांस ठाऊक असतें. आम्ही या गांवांत वाढलों. पुढें इतिहास शिकविण्यावर पोट भरूं लागलों, आणि आतां पन्नाशी उलटल्यावर असें ध्यानांत येतें कीं, जो इतिहास आम्हांस सर्वांच्या आधीं समजावयास पाहिजे होता तोच सर्वांत उशिरां समजला; आणि तोहि ग्रंथांतून नव्हे, तर वडिलांच्या पश्चात् उघडलेल्या एका लांकडी पेटींतून. त्या पेटीची हकीकत सांगावयाची आहे. परंतु गांवाची आणि घराची ओळख करून दिल्यावांचून ती वाचकांस नीट कळणार नाहीं.

गांव जुनें आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा वाशीमचा ताम्रपट चौथ्या शतकांतला. त्यांत नान्दीकड या प्रदेशाचा उल्लेख येतो व तो नांदेडचाच होय असें विद्वान् मानतात. वामनपंडितांचें नांवहि परंपरेनें या गांवाशीं जोडलेलें आहे. तथापि बाहेरच्या जगास नांदेड ठाऊक झालें तें १७०८ सालामुळें. बहादूरशहाच्या लष्कराबरोबर दक्षिणेंत आलेल्या गुरु गोविंदसिंगांनीं त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत येथें देह ठेवला. बंदा बहादूर त्यांस येथेंच भेटला. त्याच्या नांवाचा घाट आजहि आहे. पुढें १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंगाच्या द्रव्यानें गुरुद्वाऱ्याची इमारत उठली. लाहोरच्या राजानें निजामाच्या मुलखांत, गोदावरीच्या तीरीं, शिखांचें मंदिर बांधावें, ही गोष्ट आजच्या नकाशांवर पोसलेल्या बुद्धीला जरा चमत्कारिक वाटते. पण आमच्या लहानपणीं तिच्यांत चमत्कार असा कोणासच दिसत नसे. आजीचें बोट धरून पहांटे घाटावर जावें तों गुरुद्वाऱ्याच्या स्नानासाठीं गंगेचें पाणी गागरींतून आमच्या आधींच गेलेलें असे. "आज पुनः सरदारजींनीं आपल्याआधीं गंगा नेली" असें आजी रोज म्हणे. १९०० सालीं मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी मीटरगेज रेल्वे या बाजूनें गेली, कापसाचा व्यापार वाढला, गिरणी निघाली. बाकीचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून मिळेल.

आमचें घर जुन्या गांवांत, होळी नांवाचा जो भाग आहे त्याच्या बाजूस, एका अरुंद बोळांत होतें. माळवदाचें घर, दगडी पाया, पांढऱ्या मातीच्या भिंती. पुढें ढाळज, मध्यें चौक, चौकाच्या एका अंगास न्हाणी आणि दुसऱ्या अंगास ज्वारीचें बळद. १९७५ च्या सुमारास, आम्ही पांचसहा वर्षांचे असतांना, या घरांत लहानमोठीं चौदा माणसें नांदत होतीं. घड्याळ एकच, तें आजोबांच्या उशाशीं. परंतु त्याची गरज फारशी पडत नसे. कापडगिरणीचा पहिला भोंगा झाला कीं काकू चूल पेटवी, दुसरा झाला कीं आम्ही पोरें दप्तरें शोधूं लागत असूं. ही गिरणी निजामी अमदानींत उस्मानशाही या नांवानें निघालेली. पुढें तिचें नांव पालटलें, मालक पालटले, अखेरीस ती बंदहि पडली. पण आमच्या घरच्या बायकांच्या तोंडीं ती शेवटपर्यंत उस्मानशाहीच राहिली. राज्यें बदलल्याची वार्ता स्वयंपाकघरांत नेहमीं उशिरां पोंचते.

नळ घरांत आलेला होता. तरी नळाचें पाणी वापरण्यास आणि गंगेचें देवास व पिण्यास, असा आजीचा कायदा होता. उन्हाळ्यांत नदीचें पात्र आटलें म्हणजे वाळूंत खरबुजांच्या आणि काकड्यांच्या वाड्या पडत, आणि सुटींत आमचा मुक्काम जवळजवळ तेथेंच असे. श्रावणांत तीच गंगा तांबडी होऊन घाट चढूं लागे. किती पायऱ्या बुडाल्या तें मोजून येण्याचें काम आम्हां मुलांकडे होतें. खोटा आंकडा सांगितल्याबद्दल आम्हीं एकदां मारहि खाल्ला आहे, कारण त्या आंकड्यावर बळदांतली ज्वारी वर काढावयाची कीं नाहीं हें ठरत असे. १९७६ मध्यें पैठणास जायकवाडीचें धरण झालें, पुढें गांवाच्या वरच्या अंगास विष्णुपुरीचा बंधारा झाला, आणि पायऱ्या मोजण्याची विद्या निकामी झाली. आतां पूर आला कीं लोक दरवाजे किती उघडले तें विचारतात.

न्हाणींत तांब्याचें एक प्रचंड घंगाळ होतें. त्यांत तीन पोरें एकदम बसत व चौथें रडत उभें राही. त्याच्या कांठाखालीं ठिपक्याठिपक्यांची एक ओळ कोरलेली होती. घरच्या इतर भांड्यांवरहि ठिपक्यांनीं नांव घातलेलें असे. तें आजोबांचें, आणि अक्षरओळख झाल्यापासून आम्हांस तें वाचतां येई. घंगाळावरची ओळ मात्र वाचतां येत नसे. म्हणून ती वेलबुट्टी असली पाहिजे असें आम्हीं ठरवून टाकलें होतें. काळ बदलला, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, गॅसवर पाणी तापूं लागलें, आणि हें अवजड भांडें मोडींत काढावें असा ठराव घरच्या स्त्रीवर्गानें दोनतीन वेळां केला. आमचे वडील कोणत्याहि वस्तूसाठीं हट्ट धरणारे नव्हते. परंतु या एका बाबतींत ते "तें राहूं द्या" एवढेंच म्हणत आणि विषय तेथेंच थांबे. दिवाळीच्या आदल्या दिवशीं चिंच आणि मीठ लावून तें घासण्याचें काम ते स्वतः करीत. आम्ही त्याला तांब्यावरील भक्ति समजत होतों.

आजोबा निजामी तहसिलींत पेशकार होते. १९७९ मध्यें वारेपर्यंत ते कलेक्टराला अव्वल तालुकदार म्हणत, शाळेला मदरसा म्हणत, आणि कोणी पैशांची गोष्ट काढली कीं "हाली कीं कलदार?" असें विचारून आम्हांस हंसवीत. वाचकांपैकीं ज्यांचें घराणें पुण्यामुंबईकडचें आहे त्यांस हें परकें वाटेल. हैदराबाद संस्थानाचें नाणें निराळें होतें. शंभर कलदार रुपयांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली द्यावे लागत. वर्षहि निराळें, तें फसली, व त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचें शिक्षण उर्दूंतून. त्यामुळें मराठी मुलाला खालच्या चार इयत्ता सोडल्या तर वर चढण्यास उर्दूचाच जिना होता. त्या जिन्याबद्दल मराठी माणसाला राग होता, आणि तो यथार्थ होता. मात्र पेशकारीच्या पगारावर जगणाऱ्या आमच्या आजोबांस उर्दूचा अभिमानहि होता, हें आम्हांस लपवितां येत नाहीं.

एका घरांत त्यामुळें चार लिप्या झाल्या. आजोबा हिशेब मोडींत लिहीत आणि अर्ज उर्दूंत. वडिलांचा जन्म १९३६ चा. ते बारा वर्षांचे होईपर्यंत उर्दू शिकले, नंतर राज्य गेलें आणि ते एका वर्षांत मराठी शाळेचे विद्यार्थी झाले. मोडी त्यांस कधींच आली नाहीं. आम्हांस बाळबोध आणि इंग्रजी येते. मोडीहि नाहीं आणि उर्दूहि नाहीं. आजीला कोणतीच लिपि येत नव्हती, आणि घराचा म्हणून जो इतिहास आम्हांस मिळाला तो सगळा तिच्या तोंडून मिळाला. आम्ही वर्गांत साधनांची चिकित्सा शिकवितों. आपल्या घरच्या साधनांची ही अवस्था कधीं मनांत आली नाहीं.

आजीचा इतिहास १९४८ चा होता. उन्हाळ्यांत अंगणांत बाजा टाकल्या म्हणजे ती तो सांगे. १९४६ च्या ऑक्टोबरांत गोविंदराव पानसरे यांचा बिलोली तालुक्यांत अर्जापुराजवळ खून झाला, तेव्हांपासून गांवांत दारें लवकर लागूं लागलीं. पुढें रझाकारांच्या कवायती, खेड्यांतून येणाऱ्या जळिताच्या बातम्या, रात्रीं माळवदावर जागणारे पुरुष. १९४८ च्या उन्हाळ्यांत आजोबांनीं बायकामुलांस बैलगाडींत घालून उत्तरेस रवाना केलें. हदगांवच्या पलीकडे पैनगंगा. ती ओलांडली कीं वऱ्हाड, म्हणजे हिंदी संघराज्य. स्टेट काँग्रेसची छावणी उमरखेडास होती आणि निर्वासितांचा ओघ तिकडे होता. रात्रीं नदींत गाडीचें चाक रुतलें, तेव्हां आजीनें आमच्या वडिलांस पोटाशीं धरून पाण्यांतून चालत पैलतीर गांठलें. ही गोष्ट आम्हीं शेंकडों वेळां ऐकली. दर वेळीं पाणी थोडें अधिक खोल होई, पण चाक रुतण्याची जागा कधीं बदलली नाहीं. नोकरीमुळें आजोबा मागें राहिले. १३ सप्टेंबरास हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या, १७ तारखेस निजामानें शरणागति दिली, आणि दिवाळीच्या सुमारास आजी मुलांसह घरीं परतली. येथें तिची गोष्ट संपे.

समोरच्या घराबद्दल कोणी विचारलें तर ती म्हणे, "ते मास्तरसाहेब हैदराबादेस गेले." बस्स. हे मास्तरसाहेब मदरशांत शिकवीत, आमच्या वडिलांस उर्दूचा पहिला धडा त्यांनींच आपल्या ढाळजेंत दिला, एवढें आम्हांस ठाऊक होतें. आमच्या लहानपणीं त्या घरांत एका व्यापाऱ्याचें सरकीचें गोदाम होतें आणि आम्ही त्याच्या पोत्यांवर लपंडाव खेळत असूं.

आमचें आजोळ लातूर. नांदेडहून लोहा, अहमदपूर या वाटेनें एस्. टी. नें तेथें जावयाचें. लातूर गंगाकांठच्या मुलाला कोरडें वाटे; मांजरा नदी आहे, पण ती गांवापासून लांब, आणि घाटावर जाणें हा प्रकारच नाहीं. (२०१६ च्या दुष्काळांत या शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें वाचून आम्हांस आजीचा पाण्याचा कायदा आठवला.) त्याऐवजीं तेथें गंज होता, गोलाईभोंवतीं गुळाचा व डाळीचा बाजार होता, आणि बार्शी लाइटची चिमुकली आगगाडी होती. मामाच्या घरीं रझाकारांची गोष्ट अधिक जवळून ऐकावयास मिळे, कारण त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातुरासच वकिली करीत असे. पण तेथेंहि गोष्ट १७ सप्टेंबरास थांबे. बाजारांतील कांहीं मोठ्या पेढ्या कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या होत्या, असें मामा सांगत. त्या कोठें गेल्या हें आम्हीं विचारलें नाहीं आणि त्यांनींहि सांगितलें नाहीं.

वडील २०१० मध्यें वारले. पुढच्या वर्षीं घर पाडून वांटण्या करावयाच्या म्हणून आजोबांची पेटी उघडली. पट्ट्याच्या पावत्या, दोनतीन जन्मपत्रिका, हाली नाण्यांची एक पुरचुंडी, आणि एका जाड कापडांत गुंडाळलेला एक कागद. त्याचा वरचा भाग उर्दूंत, खालचा मोडींत. शेताचा कागद असावा असें वाटून धाकटे बंधु तो वकिलाकडे नेणार होते. आम्हीं तो मागून घेतला. उर्दू शाळेंतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध शिक्षकांनीं वरचा भाग वाचला, आणि आमच्या महाविद्यालयांतील एका मोडी जाणणाऱ्या सहकाऱ्यांनीं खालचा.

उर्दू भाग म्हणजे एक फर्द होती. महिना आबान, १३५७ फसली. स्थूलमानानें १९४८ चा सप्टेंबर. मास्तरसाहेबांनीं आमच्या आजोबांकडे अमानत ठेवलेल्या वस्तूंची ती यादी. शिवणाचें यंत्र, सायकल, दोन देगच्या, पुस्तकांची संदूक, लांकडी तख्त, पानदान आणि तांब्याचें मोठें घंगाळ. शेवटीं हैदराबादेंतील एका मोहल्ल्याचा पत्ता. खालचें मोडी आजोबांच्या हातचें. संदूक आपण स्वतः जाऊन पोंचती केली. यंत्र रेल्वेनें पाठविलें. सायकल विकून आलेले साठ रुपये हाली मनीऑर्डरीनें रवाना. पानदान व देगच्या कोणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर दिल्या. तख्त वाळवीनें गेलें, त्याचे दहा रुपये. प्रत्येक कलमापुढें मिति. घंगाळापुढें मिति नव्हती. एकच शब्द होता, "मागाहून".

आमच्या मनांत प्रथम आलें तें आजोबांच्या सचोटीचें कौतुक. पेशकाराचा हिशेब पेशकारासारखा चोख होता. मग लक्षांत आलें कीं, वरचा अर्धा कागद आमच्या वडिलांस वाचतां येत होता. त्यांस मोडी येत नसल्यामुळें काय परत गेलें तें त्यांस कळलें नसेल. काय ठेवलें होतें एवढें मात्र कळलें असलें पाहिजे. म्हणजे त्यांच्या दृष्टीनें ती सगळी यादीच बाकी होती. आणि न्हाणींत घंगाळ होतें.

त्यानंतर दोन वर्षांनीं आम्हांस पंडित सुंदरलाल यांच्या समितीचा अहवाल वाचावयास मिळाला. सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांस भारत सरकारनें १९४८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानांत पाठविलें होतें. त्यांचा अहवाल सरकारनें त्या वेळीं छापला नाहीं. पुष्कळ वर्षें त्याचे उतारेच काय ते फिरत होते, आणि २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांस सहज पाहतां येऊं लागला. पोलिस कारवाईच्या वेळीं व नंतर संस्थानांत २७ हजारांपासून ४० हजारांपर्यंत माणसें मारलीं गेलीं असावींत, असा समितीचा अंदाज आहे. सर्वांत अधिक हानि झालेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हां उस्मानाबादेंत होतें. तेथील कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली व दहा हजारांच्या मुसलमान वस्तीपैकीं समितीस जेमतेम तीन हजार उरलेली आढळली, असें अहवाल सांगतो. कोठें कोठें हिंदूंनीं जीव धोक्यांत घालून शेजाऱ्यांस वांचविलें, हेंहि त्यांत नमूद आहे. आंकडे अंदाजाचे आहेत, त्यांवर वाद आहे, आणि तो असावा. परंतु ते अर्ध्यावर आणले तरी आजीच्या गोष्टींतील १७ सप्टेंबर आणि दिवाळी यांच्यामधली जागा रिकामी राहत नाहीं.

आजी खोटें बोलली असें आम्ही म्हणणार नाहीं. ती त्या महिन्यांत पैनगंगेपलीकडे होती. जें पाहिलें तें तिनें सांगितलें. रझाकारांचा जुलूम खरा होता, पाण्यांतून चालत गेलेली आई खरी होती. पाहिलें होतें तें आजोबांनीं, आणि त्यांनीं तें मोडींत एका शब्दापुरतें लिहिलें. आमच्या गांवांत शिकविणारे नरहर कुरुंदकर यांनीं या संस्थानाच्या अंताचा जितका विचार केला तितका थोड्यांनीं केला असेल. 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' हें त्यांचें पुस्तक त्यांच्या पश्चात् निघालें. १९८२ मध्यें ते वारले तेव्हां आम्ही शाळेंत होतों. पुढें तें पुस्तक आम्हीं वाचलें तें परीक्षेच्या निमित्तानें, म्हणजे आपल्या बोळांत त्याचा कांहीं संबंध असेल अशी शंकाहि न येतां. इंग्रजी विद्येनें आम्हांस फ्रेंच राज्यक्रांतींतील सप्टेंबरची कत्तल तारीखवार शिकविली होती. आमच्या सप्टेंबराची तारीख आम्हांस फसलींत वाचावी लागली.

२०१४ मध्यें आम्ही कागदाची नक्कल घेऊन हैदराबादेस गेलों. मोहल्ला सांपडला. पत्त्यावर चार मजल्यांची इमारत उभी होती आणि खालीं मोबाइल दुरुस्तीचीं दुकानें. मशिदींतील एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस बसवून घेतलें, चहा पाजला, आणि कागद दोन वेळां वाचला. नांदेडचे एक मास्तर येथें भाड्यानें राहत असत, मुलांस फार्शी शिकवीत, असें त्यांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलें होतें. मुलें पुढें कोठें पांगलीं तें त्यांस ठाऊक नव्हतें. "आपण एका घंगाळासाठीं इतक्या लांब आलांत?" असें त्यांनीं विचारलें. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

परत आल्यावर त्याच निवृत्त शिक्षकांस आम्हीं घरीं बोलाविलें. घंगाळ अंगणांत आणून उपडें घातलें, चिंचेनें घासलें, आणि कांठाखालची ओळ त्यांनीं चष्मा वर करून, बोट फिरवीत वाचली. वेलबुट्टी नव्हती. एका बाईंचें नांव होतें आणि पुढें हिजरी सन. रुखवतांत आलेलें भांडें असावें असें ते म्हणाले.

जुनें घर आतां नाहीं. घंगाळ सध्यां धाकट्या बंधूंच्या सदनिकेंत, गॅलरींत आहे. वहिनींनीं त्यांत तुळस लावावी म्हणून सुचविलें होतें. आमच्या मुलीचें म्हणणें तें तसेंच पाठवून द्यावें, पण कोणाकडे, हें तिलाहि सांगतां येत नाहीं. गेल्या दिवाळींत तें कोणी घासावयाचें यावर बराच खल झाला, आणि अखेरीस आम्हींच घासलें.